माळ, गायरान व पडीक : परभणी जिल्ह्यातील एका भूप्रकाराचा नामेतिहास

पश्चिम युरोपात हेदरच्या झुडपांनी आच्छादिलेल्या निकस, आम्ल मातीच्या उघड्या प्रदेशास 'हीथ' म्हणतात. गुरांची चराई व माणसाने लावलेली आग यांमुळे तो शतकानुशतके उघडा राहिला. दख्खनमध्ये हेदर नाही. तथापि उथळ माती, चराई व वणवा यांच्याशी जुळवून राहिलेला, हीथच्या जवळचा अधिवास येथेही आहे. मराठीत त्यास 'माळ' म्हणतात.

परभणी जिल्हा म्हटला की गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठची काळी कसदार जमीन डोळ्यांपुढे येते. परंतु उत्तरेस जिंतूरकडील डोंगरांत व दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटाच्या शाखांवर काळ्या कातळावर मुरमाचा पातळ थर आढळतो. त्यात पाणी फार काळ टिकत नाही. म्हणून अशा जमिनीवर दाट वृक्षांऐवजी कुसळी, पवन्या यांसारखी गवते आणि विरळ तरवड, बोर व हिवर वाढतात. गवताचा जीव मुळांत असतो. वरचा भाग वाळला, जळाला वा चरला गेला तरी मृगाच्या सरींनी ते पुन्हा फुटते. चंडोल, खोकड व लांडगा यांना हा मोकळेपणाच मानवतो. माळ म्हणजे उजाड झालेले अरण्य, असे सरसकट मानणे त्यामुळे चुकीचे ठरते.

भाषेचा पुरावा हेच सुचवितो. संस्कृत 'माल' हा शब्द 'मेघदूता'त आला असून मल्लिनाथाने त्याचा अर्थ उंचवट्याची जमीन असा दिला आहे. 'गायरान' शब्दातील 'रान' हे 'अरण्या'चेच रूप होय. ही दोन्ही नावे जमिनीत काय आहे ते सांगतात.

महसुली परिभाषेची दृष्टी याहून वेगळी. निजामी राज्यात १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा, जमीन महसूल कायदा लागू होता. सारा देणारे शेत हा तेथील मापदंड. 'पडीक', 'पोटखराब' व मूळ तामिळ असलेला 'परमपोक' हे शब्द जमिनीत काय नाही एवढेच नोंदवितात. महाराष्ट्राच्या १९६६ च्या महसूल संहितेने मोफत चराईसाठी जमीन राखण्याची तरतूद कायम ठेवली. परंतु 'पडीक' ही दृष्टी गेली नाही.

या शब्दाचा परिणाम केवळ कागदोपत्री राहिला नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाने पडीक जमिनीची न्याय्य मागणी केली. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबांनी गायराने कसून पोट भरले. दुसरीकडे मेंढपाळांची चराई आक्रसली. २८ जानेवारी २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. मात्र भूमिहीनांना व अनुसूचित जातिजमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद मान्य केले.

कागदाने जी निरुपयोगी ठरविली, तिच्यावर कसणारा, चारणारा आणि गवतावर जगणारी जीवसृष्टी असे तीन दावेदार आहेत. त्यांचा निवाडा सोपा नाही. परंतु जमिनीस 'पडीक' म्हणताच चारणारा व जीवसृष्टी हे दोघे नोंदीतून नाहीसे होतात, आणि कसणाऱ्याच्या वाट्यास बहुधा सर्वांत उथळ मुरूम येतो. निवाड्यापूर्वी माळास माळ म्हणून नोंदणे, ही न्यायाची पहिली पायरी होय.