कंपाऊंडरची विद्या

वऱ्हाडात डॉक्टरांचे नाव एकवेळ विसरले जाई, कंपाऊंडरचे नाही. अमरावतीचे इर्विन व डफरिन, अकोल्याचे लेडी हार्डिंग यांसारख्या रुग्णालयांत खिडकीपलीकडे खल घोटणारा, बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवणारा हा माणूस आपली विद्या दुसऱ्या कंपाऊंडरच्या हाताखाली शिके. ती विद्या जोखमीची होती. ६० ग्रेनचा एक ड्रॅम, ८ ड्रॅमचा एक औंस. आणि चिठ्ठीवरील ड्रॅम व औंस यांच्या चिन्हांत भेद एका फटकाऱ्याचा. वाचण्यात चूक झाली की मात्रा आठपट! शिवाय सूचना लॅटिनमध्ये. 'तेर दिए सुमेन्दुम', म्हणजे दिवसातून तीनदा घ्यावे. ही भाषा आम्ही सेमिनरीत व्याकरणासह घोकली. कंपाऊंडर तिची आद्याक्षरे व्याकरणावाचून अचूक वाचत असे.

गोव्यात १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात औषधनिर्मितीचे रीतसर शिक्षण होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र १९३०-३१ च्या चोप्रा समितीने या धंद्याच्या शिक्षणाचा व नियमनाचा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि फार्मसी कायदा झाला १९४८ मध्ये. त्या कायद्याने जुन्यांना वाऱ्यावर सोडले नाही. रुग्णालयात वा दवाखान्यात पाच वर्षे औषधे तयार केलेल्या कंपाऊंडरला पहिल्या नोंदवहीत स्थान मिळू शकत होते. अनुभवाला शिक्षणाच्या पंक्तीस बसवणारी ही तरतूद आम्हांस न्याय्य वाटते. नोंदणी नसलेल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देऊ नये, हे कलम ४२ प्रत्यक्ष लागू व्हायला १९८४ चा सप्टेंबर उजाडला.

दरम्यान पदविका आली. अमरावतीत शासकीय महाविद्यालयही उभे राहिले. १९९१ च्या नियमांनी पदविकेसोबत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घातले, त्यांतील निदान २५० तास चिठ्ठीवरून औषध देण्याचे. खलाजवळची उमेदवारी अशी तासांत मोजली जाऊ लागली. तोवर खल मात्र मागे पडला होता. गोळ्या कारखान्यातून वेष्टनात येतात. खिडकीवरचे काम आता मिसळण्याचे कमी आणि समजावण्याचे अधिक.

नेमके तेच अवघड. पदविकेची पुस्तके इंग्रजीत, खिडकीवरची बोली वऱ्हाडी, आणि मेळघाटातून लेकराला घेऊन आलेली आई कोरकू बोलते. लॅटिन गेली, तरी 'दिवसातून तीनदा' तिच्यापर्यंत पोहोचवायचे आहेच. पुष्कळदा ते काम रांगेतली दुसरी एखादी बाईच करते.