वृक्कदात्याचे प्रतिमापरीक्षण

जिवंत व्यक्तीचे वृक्क (मूत्रपिंड) प्रतिरोपणासाठी काढण्यापूर्वी दोन्ही वृक्के, त्यांच्या रक्तवाहिन्या व मूत्रवाहिन्या यांची चित्ररूपाने केलेली तपासणी. दाता निरोगी असतो व शस्त्रक्रियेपासून त्याला शारीरिक लाभ नसतो. म्हणून तपासणीचा धोकाही कमीत कमी असावा, हे या पद्धतींच्या विकासामागील सूत्र होय. दोन्ही वृक्कांत तफावत आढळल्यास अधिक चांगले वृक्क दात्याकडेच ठेवतात.

जिवंत दात्याकडून पहिले यशस्वी प्रतिरोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरी यांनी जुळ्या भावांमध्ये केले. भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मृत व्यक्तीचे वृक्क बसविण्यात आले. जिवंत दात्याचे यशस्वी प्रतिरोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले. त्या काळी दात्याचे मूत्रमार्गचित्रण व रोहिणीचित्रण करीत. रोहिणीचित्रणात प्रारंभी पाठीतून सुई थेट महारोहिणीत घालीत (लिस्बन, १९२९). स्वेन सेल्डिंगर यांच्या पद्धतीमुळे (१९५३) मांडीतील रोहिणीतून नलिका नेणे शक्य झाले. सुमारे एक-चतुर्थांश व्यक्तींत एखाद्या वृक्काला एकाहून अधिक रोहिण्या असतात. त्या ओळखण्यासाठी ही पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तथापि तीत रक्तस्रावाचा व रोहिणीला इजा होण्याचा धोका असे आणि नीला पुरेशा स्पष्ट दिसत नसत.

संगणकीकृत छेदचित्रणाचा (सी. टी.) रुग्णावर पहिला वापर १९७१ मध्ये झाला. सर्पिल छेदचित्रण १९८९ च्या सुमारास आल्यावर हाताच्या नीलेत रंजकद्रव्य टोचून रोहिण्या, नीला, मूत्रवाहिन्या व खडे एकाच बैठकीत पाहता येऊ लागले. दुर्बिणीद्वारे दात्याचे वृक्क काढण्याची शस्त्रक्रिया १९९५ मध्ये बॉल्टिमोर येथे प्रथम झाली. तीत शल्यचिकित्सकाचे दृष्टिक्षेत्र मर्यादित असल्याने नीलांच्या शाखांची पूर्वकल्पना अत्यावश्यक ठरली. डाव्या वृक्काची नीला अधिक लांब असल्याने सामान्यतः तेच निवडतात. मात्र तिला मिळणाऱ्या उपशाखाही अधिक असतात.

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनात (एम. आर. आय.) क्ष-किरण लागत नाहीत; परंतु बारीक रोहिण्या व लहान खडे निसटू शकतात. श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) स्वस्त व निर्धोक असल्याने प्रथम करतात. रक्तवाहिन्यांच्या नकाशासाठी मात्र ते अपुरे पडते.

यांपैकी प्रत्येक प्रतिमा मुख्यतः रचना दाखविते. प्रत्येक वृक्काचे कार्य मोजण्यासाठी किरणोत्सर्गी समस्थानिकांची चाचणी उपयोगी पडते. मानवी अवयव प्रतिरोपण कायद्यानुसार (१९९४) शस्त्रक्रियेचे संभाव्य परिणाम व धोके दात्याला समजावून सांगणे वैद्यावर बंधनकारक आहे. हा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून लागू आहे. परीक्षणातून दिसलेले हे चित्र केवळ शल्यचिकित्सकासाठी नसून दात्याच्या निर्णयाचाही तो आधार होय.