बुळकांडी आणि गुरांचा वंश

जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं पुण्यास निघाली व १८९३ त कुमाऊंतील मुक्तेश्वरास गेली. तेथें १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं बुळकांडीचें विष शेळ्यांच्या अंगांतून वारंवार नेऊन सौम्य केलें. ही लस मैदानी गुरांस सोसली, पहाडी गुरांस मात्र जड गेली. लस एकच, तेव्हां भेदाचें कारण वंशांतच शोधिलें पाहिजे. मैदानांत सांथीमागून सांथी येऊन जीं वांचलीं त्यांचीच संतति पुढें चालली, असें आम्हांस वाटतें. २०११ सालीं हा रोग जगांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. आतां पडताळ्यास जुने कागद तेवढे उरले. यास्तव दप्तरांत गुरें मेल्याची नोंद आढळल्यास संग्राहकांनीं गांव, साल, आणि बैल खिल्लारी कीं अन्य जातीचा, हेंही उतरून घ्यावें.