हिरड्यांतून रक्त येणं आणि हार्ट अटॅक: संबंध किती खरा?

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं म्हणजे हार्ट अटॅकची सूचना, अशा अर्थाचे मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतात. त्यात तथ्य आहे, पण मेसेजमध्ये असतं तेवढं नाही.

दातांवर साचलेला थर नीट निघाला नाही की तो कडक होतो. त्यातल्या जिवाणूंमुळे हिरड्या सुजतात. इथपर्यंतचा आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केलं तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात हलू लागतात. यालाच आपल्याकडे पायोरिया म्हणतात.

१९८९ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी हार्ट अटॅक आलेल्या १०० रुग्णांची १०२ इतर लोकांशी तुलना केली. रुग्णांच्या दातांची अवस्था जास्त वाईट निघाली. वय, धूम्रपान, मधुमेह यांचा हिशेब धरूनही फरक उरला. पुढच्या अनेक अभ्यासांतही हा संबंध दिसला.

यामागे दोन शक्यता सांगितल्या जातात. एक, सुजलेल्या हिरड्यांतून जिवाणू रक्तात जातात. रक्तवाहिन्यांत साचलेल्या चरबीच्या थरात तोंडातल्या जिवाणूंचे अंश सापडलेही आहेत. दुसरी, हिरड्यांची जुनाट सूज शरीरभर दाह वाढवते आणि त्याचा त्रास रक्तवाहिन्यांना होतो.

मग हिरड्यांमुळेच अटॅक येतो का? तसं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सांगितलं, की संबंध आहे, पण एकामुळे दुसरं होतं किंवा हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो, असा पुरावा नाही. तंबाखू आणि मधुमेह दोन्हीकडे नुकसान करतात, त्यामुळे गुंता सुटत नाही. (बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून त्यांचा आजार लपून राहतो. आणि दात घासायची मिश्री हीसुद्धा तंबाखूच, हे बऱ्याच घरांत विसरलं जातं.)

२००७ चा एक प्रयोग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. गंभीर पायोरिया असलेल्या १२० जणांपैकी काहींवर कसून उपचार केले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम थोडं बिघडलं, पण ६ महिन्यांनी ते इतरांपेक्षा चांगलं होतं. अटॅक कमी झाले का, हे मात्र त्यात तपासलेलं नव्हतं.

एका बाबतीत तोंड आणि हृदयाचं नातं थेट आहे. हृदयाच्या झडपा खराब किंवा कृत्रिम असतील, तर तोंडातले जिवाणू रक्तातून तिथे जाऊन बसू शकतात. हा संसर्ग जीवघेणा असतो. कृत्रिम झडप असलेल्यांना आणि हा संसर्ग आधी होऊन गेलेल्यांना दात काढण्यापूर्वी किंवा हिरड्यांच्या उपचारापूर्वी अँटिबायोटिक दिलं जातं. त्यामुळे डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याआधीच हे सांगा.

स्टेंट बसवलेल्यांनी आणखी एक जपायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळेही हिरड्यांतून जास्त रक्त येतं. ते पाहून, किंवा दात साफ करून घ्यायचे आहेत म्हणून, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. गोळीचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ घेतील. बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच दात साफ करता येतात.