शिरूरचा माळ आणि एडनचा डोंगर

कोरेगाव भीमाजवळचा विजयस्तंभ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या मुंबई लष्कराच्या शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. तेथून भीमेचा पूल ओलांडून शिक्रापूर गाठावे आणि पाबळकडे वळावे. त्याच अंगाला, शिरूर तालुक्यातच, धामारी नावाचे गाव आहे. आज ज्या डोंगराविषयी बोलायचे तो मात्र इथला नव्हे. तो समुद्रापलीकडे अरबस्तानात, एडन बंदराशी आहे. पण गोष्ट सुरू होते ती धामारीतच, बरं का.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्या पूर्व भागाने फार सोसला. शिरूर-दौंडकडे एरवीसुद्धा पाऊस जेमतेम वीस इंच. त्या साली तोही गेला. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात वासुदेव बळवंत फडके नावाचे कारकून होते. जन्म १८४५, गाव पनवेलजवळचे शिरढोण. त्यांनी दुष्काळी मुलखातली माणसांची दैना पाहिली आणि ही सरकारची चाकरी आपल्याच्याने होणार नाही, असे ठरवले. रामोशी मंडळी त्यांना येऊन मिळाली आणि २३ फेब्रुवारी १८७९ रोजी धामारीवर पहिला छापा पडला. पैसा लुटायचा तो फौज उभी करण्यासाठी, असा बेत. फौज काही उभी राहिली नाही. मे महिन्यात त्यांचा उजवा हात दौलतराव नाईक मारला गेला.

तरीसुद्धा सरकारला फडके सापडायला जुलै उजाडला. असे का व्हावे? नुसत्या दऱ्याखोऱ्यांमुळे? मला तसे वाटत नाही. सह्याद्रीचा खडक ज्वालारसाचा, एकावर एक थर बसलेला. पावसाचे पाणी थरांच्या सांधीतून झिरपते आणि कुठेतरी कड्याच्या पोटात झरा होऊन बाहेर येते. झऱ्यापाशी वाडी असते, वाडीत भाकरी असते आणि भाकरी देणारा माणूस आपली भाषा बोलतो. गडी थकला तरी उपाशी मरत नाही, वाट चुकला तरी विचारता येते. दौलतराव गेल्यावर फडके थेट श्रीशैल मल्लिकार्जुनापर्यंत गेले. तेही डोंगरातलेच क्षेत्र. अखेर विजापूरकडे देवर नावडगी येथे ते पकडले गेले. पुण्यास खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि १८८० च्या आरंभी त्यांना एडनला धाडण्यात आले.

एडनलाच कसे? तर एडन तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबई लष्कराच्याच गोऱ्या आणि देशी पलटणींनी ते जिंकले होते. कोरेगावच्या लढाईला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबईकडेच राहिला.

आता तो डोंगर पाहा. एडनचे जुने गाव विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसले आहे. परातीच्या तळाशी घरे आणि भोवती काठासारखे कडे. त्यातले सर्वांत उंच शिखर शमसान. नाव ऐकून दचकू नका, आपल्या स्मशानाशी त्याचा संबंध नाही. उंची सतराशे फुटांहून थोडी अधिक, म्हणजे धडधाकट माणसाने सकाळी निघावे आणि दुपारपर्यंत परत यावे. खाली जुनी दगडी टाकी लागतात, मग घळीतून वर चढायचे. माथ्याच्या धारेवर पडक्या तटबंदीचे अवशेष आहेत. काळा-तांबडा खडक आपल्या ओळखीचा वाटतो, कारण तोही ज्वालारसाचाच. शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे: आपला खडक साडेसहा कोटी वर्षांचा, एडनचा साठ लाखांच्या आतबाहेरचा. पण झाड नाही, झरा नाही. पाऊस वर्षाला दोन इंचसुद्धा नाही. क्वचित एखादी सर कोसळते, ती वाया जाऊ नये म्हणून तर कुणा शहाण्या लोकांनी ती टाकी बांधली. आपल्या गडावर टाके दिसले की जवळ वस्ती होती असे आपण ओळखतो. तिथे टाके दिसले तर एवढेच समजायचे की दुसरे पाणी नाही.

माथ्यावरून सगळे एकदम दिसते. तिन्ही बाजूंना समुद्र आणि उत्तरेला मुख्य भूमीशी जोडणारी वाळूची चिंचोळी पट्टी. पलीकडे वाळवंट. पळणाऱ्याला जायला जागा अशी नाहीच.

आणि फडके इथून पळाले. कोठडीचे दार बिजागरीतून उखडून ते बाहेर पडले. मुलखात जो माणूस पाच महिने हाती लागला नव्हता, तो इथे थोड्याच वेळात पकडला गेला. अंगात हिंमत तीच होती. पण बोली परकी, चेहरा परका, आणि पाणी मागायचे तर विहिरीपाशी जावे लागणार, तिथे माणसे असणार. पकडून आणल्यावर पहारा अधिक कडक झाला. त्यांची प्रकृती खालावत गेली. शेवटी त्यांनी अन्न सोडले होते, असे चरित्रकार सांगतात. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच ते वारले. वय सदतीस.

पुढे १९६७ साली एडनवरून इंग्रजांचे निशाण उतरले. आज ते येमेन देशात आहे. पाबळ-धामारीकडच्या गुरुजींनी कधी वर्गात जगाचा नकाशा उघडला, तर मुंबईपासून पश्चिमेला बोट सरळ समुद्रावरून न्यावे. तांबड्या समुद्राच्या दाराशी, अरबस्तानच्या दक्षिण टोकाला, एडनचा ठिपका सापडेल. मग मुलांना सांगावे की आपल्या धामारीवर छापा घालणारा माणूस तिथे गेला.