ग्रंथ चित्रांत उतरतो तेव्हा

अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे, ही गोष्ट बीड जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगावयास नको. पण एका विद्वान पुरुषाने ग्रंथ लिहिण्यासाठी जाडेभरडे कापड का घेतले असावे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज ज्या विषयावर आम्हांला बोलावयाचे आहे, तो वरवर पाहता पासोडीपासून फार दूरचा आहे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या जुलमी राज्यावरील कादंबऱ्या अलीकडे चित्रकथांच्या रूपाने निघाल्या आहेत. अशा रूपांतरात काय साधते आणि काय हरवते, हा तो विषय. तरीही सुरुवात अंबाजोगाईहून करणेच योग्य, कारण शब्दांचा अवघड ग्रंथ डोळ्यांपुढे पसरून दाखविण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे.

दासोपंतांचा जन्म १५५१ चा, नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत हे बेदरच्या बरीदशाहीत देशपांडे. सरकारी वसूल वेळेवर भरला गेला नाही म्हणून बादशहाने या मुलाला ओलीस ठेवले आणि दत्तात्रेयांच्या कृपेने तो सुटला, अशी कथा चरित्रकारांनी सांगितली आहे. कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पैसा आणि सत्ता यांच्या व्यवहारात माणूस कसा तारण पडतो, याची आठवण मात्र तिच्यात स्पष्ट आहे. पुढे दासोपंत मातापुरास, म्हणजे माहुरास गेले, तेथे तप केले आणि अखेर अंबाजोगाईस स्थिर झाले. सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला ‘गीतार्णव’ त्यांचाच. शब्दांची टंचाई असलेला हा लेखक नव्हता. त्याने आकृतीचा आश्रय केला तो शब्द अपुरे पडले म्हणून नव्हे, हे आधीच लक्षात ठेवावे.

पासोडीवर जो विषय आहे तो पंचीकरणाचा. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूते. प्रत्येकाचे दोन अर्ध करावयाचे. एक अर्ध तसेच ठेवावयाचे आणि दुसऱ्या अर्धाचे चार भाग करून एकेक भाग इतर चार भूतांना द्यावयाचा. म्हणजे स्थूल पृथ्वीत निम्मी पृथ्वी आणि उरलेल्या चौघांचा एकेक अष्टमांश. पाचांचा पाचांशी असा संबंध जोडला की पंचवीस घरे होतात आणि देहातील अस्थी, मांस, त्वचेपासून प्रत्येक गोष्ट त्यांतल्या एकेका घरात जाऊन बसते. हा हिशोब नुसता कानांनी ऐकला, तर तिसऱ्या वाटणीशीच श्रोता गोंधळतो. तोच कोष्टकात मांडला की दृष्टी आडवी आणि उभी फिरवून त्याला आपला आपण पडताळा घेता येतो. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या वस्त्रावर दासोपंतांनी आकृत्या आणि ओव्या एकत्र मांडल्या. पोथी एका वेळी एक-दोघांनी वाचावी. वस्त्र पसरले तर त्याभोवती मंडळी बसू शकतात. विषयाची गरज आणि समुदायाची सोय अशा दोन्ही गोष्टी त्या कापडाने साधतात, असे आम्हांला वाटते.

येथे तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. आकृतीने ओवीला हाकलून दिलेले नाही, दोघी एकाच वस्त्रावर नांदतात. आकृती पाहून काम संपत नाही, पाहणाऱ्याला तीत हिंडावे लागते. आणि काय दाखवावे, काय शब्दांतच ठेवावे, हे ज्याला विषय उमगला आहे त्यानेच ठरविले आहे.

आपल्या मराठी मुलखात दुसरीही एक रीत होती. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरीत आणि गाऊन कथा सांगत. चित्रकथी हेच त्यांचे नाव. त्या परंपरेचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या शेजारच्या पैठणचे नावही अशाच एका चित्रशैलीला चिकटलेले आहे. या रीतीत चित्र मुके असते आणि बोलतो तो कथेकरी. श्रोते कंटाळले तर तो प्रसंग आवरता घेतो, डोळे पाणावले तर लांबवितो. रावण कागदावर कितीही देखणा रंगविलेला असो, गाणाऱ्याचा सूर त्याला न्यायासनापुढे उभा करतो. चित्राला असा जबाबदार सोबती लागतो. तो नसला, किंवा त्या जागी भलताच कोणी येऊन बसला, म्हणजे काय होते, हे आता ऑर्वेलच्या उदाहरणावरून पाहू.

ऑर्वेलचे खरे नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ साली बिहारातील मोतिहारीचा, वडील सरकारच्या अफू खात्यात. तरुणपणी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून त्याने राज्यसत्तेचा दंडुका स्वतःच्या हाती धरून पाहिला होता आणि महायुद्धाच्या काळात बी.बी.सी.वरून हिंदुस्थानसाठी कार्यक्रमही केले होते. म्हणजे सत्ता आणि प्रचार ही दोन्ही यंत्रे त्याने आतून पाहिलेली. त्यातून १९४५ साली ‘ॲनिमल फार्म’ आणि १९४९ साली ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही पुस्तके निघाली.

या पुस्तकांचे मर्म समजण्यास बीडकरांना लंडनचे दाखले नकोत. निजामी राजवटीत १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ प्रमाणे जाहीर सभेला सरकारची परवानगी लागत असे. आज आपण येथे मोकळेपणाने व्याख्यान ऐकतो. त्या काळी वक्ता, विषय आणि श्रोते हे तिन्ही सरकारी दप्तराच्या नजरेखालून जावयाचे. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकविले ते याच वातावरणात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली आणि त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, जून १९४९ मध्ये, ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण भिंतींना कान असतात ही म्हण ज्या पिढीने जगून पाहिली, तिला त्या कादंबरीतील पाहणारा पडदा परका वाटण्याचे कारण नव्हते.

आता चित्रांकडे वळू. ‘ॲनिमल फार्म’ची कथा आपणांस ठाऊक असेल. जनावरे मालकाला हाकलून देतात, डुकरे पुढारी होतात आणि शेवटी खिडकीतून पाहणाऱ्या बिचाऱ्या जनावरांना डुक्कर कोणते आणि माणूस कोणता हेच ओळखू येईनासे होते. ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत वारला आणि त्यानंतर लवकरच या कथेवर चित्रकारांचे हात चालू लागले. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका प्रचार विभागाने तिची चित्रमालिका करविली. नॉर्मन पेट या नामांकित चित्रकाराने ती काढली आणि निरनिराळ्या देशांतील वृत्तपत्रांना ती पुरविण्यात आली. १९५४ साली हलास आणि बॅचलर या दांपत्याचा हलत्या चित्रांचा चित्रपट आला. त्यामागे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा होता, हे पुढे उघड झाले. चित्रपटाचा शेवट बदलला होता. त्यात शेजारचे मानवी जमीनदार डुकरांच्या पंक्तीला बसत नाहीत, आणि अखेरीस इतर जनावरे पुन्हा बंड करून डुकरांना खाली खेचतात.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? शेवट गोड झाला, अन्यायाचा पराभव झाला. पण जरा थांबून पहा. मूळ कथेत डुक्कर आणि माणूस दोघेही आरोपी आहेत. नवा जुलूम जुन्या जुलमासारखाच दिसू लागतो, हे त्या शेवटच्या दृश्याचे दुःख. माणसांना पंक्तीतून उठविले की एकच आरोपी उरतो, आणि तो नेमका पैसे देणाऱ्याचा शत्रू असतो. शिवाय मूळ पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात जी बेचैनी उरते, ती पडद्यावरच्या बंडाने शमून जाते. जे काम प्रेक्षकाने घरी जाऊन करावयाचे, ते चित्रानेच उरकून टाकले. प्रचाराविरुद्ध लिहिलेले पुस्तक प्रचाराचे साहित्य झाले, आणि तेही एकही शिवी न देता, केवळ एक प्रसंग गाळून आणि एक घालून.

चित्राची शक्ती मोठी म्हणूनच सत्तेला त्याचा मोह अधिक. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंतही चित्र पोहोचते. पुस्तक वाचताना माणूस मधेच थांबतो, मागचे पान उलटतो, शंका घेतो. पडद्यावरचे चित्र त्याला थांबू देत नाही. छापील चित्रकथेची गोष्ट थोडी निराळी आहे. ती हातात धरता येते, मागे जाता येते, दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले असेल हे वाचकाला स्वतःच भरावे लागते. या बाबतीत ती चित्रपटापेक्षा पासोडीला जवळची आहे.

‘नाइन्टीन एटी-फोर’ ही मात्र चित्रकाराची खरी परीक्षा. मिशीवाल्या पुढाऱ्याचा भित्तिपत्रकावरील चेहरा काढणे सोपे आहे. पण त्या राज्याचा मुख्य गुन्हा दिसणारा नाही. तेथे दरवर्षी शब्दकोशातले शब्द कमी केले जातात, हेतू हा की बंडाचा विचार मनात आणावयाला शब्दच उरू नये. नाहीसा झालेला शब्द कसा काढावयाचा? ऑर्वेलने या नव्या भाषेवर पुस्तकाच्या शेवटी एक परिशिष्ट जोडले आहे. अमेरिकेतील एका मोठ्या ग्रंथमंडळाने हे परिशिष्ट आणि मधला एक दीर्घ राजकीय भाग गाळावा असे सुचविले, तेव्हा आजारी ऑर्वेलने मोठ्या रकमेवर पाणी सोडण्याची तयारी ठेवून नकार दिला. मंडळाने अखेर पुस्तक तसेच घेतले.

ऑर्वेलच्या पुस्तकांवरचे हक्क भारतात २०११ पासून आणि ब्रिटन व युरोपात २०२१ पासून मोकळे झाले. त्या सुमारास या कादंबरीची अनेक चित्ररूपे निघाली. त्यांपैकी ब्राझीलच्या फिदो नेस्ती यांनी ते परिशिष्ट शब्दांतच ठेवले आहे. आम्हांला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. जेथे चित्राची धाव संपते तेथे चित्रकाराने कुंचला खाली ठेवला आणि अक्षराला जागा दिली. आकृतीशेजारी ओवी ठेवणाऱ्या दासोपंतांची दृष्टी हीच.

चित्रकथेतून जुलमाचे दर्शन घडविण्यासाठी परदेशी कादंबरीच हवी असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील प्रसंगांवर ‘भीमायन’ हे पुस्तक २०११ साली निघाले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी त्यातील चित्रे काढली. बाबासाहेब १९३४ साली सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले असता हौदाच्या पाण्यावरून त्यांचा अपमान झाला. आपल्यापासून दूर नसलेला तो प्रसंग या पुस्तकात आहे. व्याम दांपत्याने चौकटींची नेहमीची रचना टाळली, कारण माणसांना चौकटीत कोंडणे त्यांना रुचले नाही. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात त्यांनी लिहिले. शब्द न बदलता शब्दाचा डंख डोळ्यांना दिसला. चित्राने मजकुरात भर घालावी ती अशी.

आज ‘नाइन्टीन एटी-फोर’ मराठीत चित्ररूपाने आणावयाची तर या देशात कोणाची परवानगी मागावी लागत नाही. आपल्या महाविद्यालयांत कुंचला चालविणारी मुले आहेत आणि त्यांच्या हाती आता संगणकही आहे. त्यांच्यापैकी कोणी हे काम अंगावर घेतले तर आम्हांला आनंदच होईल. मात्र त्याला आमची तीन प्रश्नांची शिदोरी राहील. तू जे गाळलेस ते जागा नव्हती म्हणून, की कोणाला खुपत होते म्हणून? तुझे चित्र पाहून वाचक विचाराला लागतो, की निश्चिंत होऊन झोपी जातो? आणि जुलमी पुढाऱ्याचा चेहरा काढताना तो इतका देखणा तर झाला नाही ना, की मुलांनी भिंतीवर लावावा?

ही उत्तरे ज्याला देता येतील त्याने जरूर चित्र काढावे. त्याने आधी एकदा अंबाजोगाईस जाऊन यावे. वस्त्र जीर्ण होते, रंग उडतात, म्हणून पासोडीची जपणूक हे आपल्या सर्वांचेच कर्तव्य आहे. पण जपावयाचे ते केवळ कापड नव्हे. अवघड गोष्ट सोपी करून दाखविताना ती खोटी होऊ द्यावयाची नाही, ही त्या कापडामागची सचोटीही जपावयाची आहे.