दुखणं कार्बोरेटरचं, खोड पेट्रोलची

जुन्या बुलेटच्या अमल कार्बोरेटरवर एक छोटी कळ असे. ती दाबली की आतला फ्लोट खाली जाई, पेट्रोलची पातळी वाढे आणि कडेने थेंब ओघळू लागत. थेंब दिसले की किक मारायची. थंडीच्या सकाळी कळ कमी दाबली तर इंजिन उठत नसे, जास्त दाबली तर प्लग भिजून बसे. बुलेट, जावा, राजदूत चालवणाऱ्या पिढीचा हात या अंदाजाला बसलेला होता.

यंत्राची मूळ कल्पना त्याहून जुनी. हंगेरीच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी 1893 साली पेट्रोलचा फवारा उडवणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. जर्मनीत विल्हेल्म मायबाख त्याच सुमारास त्याच वाटेवर होता. नळी मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर ओढलं जातं. पुढची पाऊणशे-शंभर वर्षं बदल झाले ते तपशिलात. तत्त्व तेच राहिलं.

भारतात हे यंत्र घरोघरी पोचलं ते स्वातंत्र्यानंतर. लष्कराने 800 बुलेटची मागणी नोंदवली, 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीचं नाव इथल्या फिटरांच्या तोंडी बसलं. 1961 पासून म्हैसूरच्या आयडियल जावात गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांच्याबरोबर चेकोस्लोव्हाकियाचा यिकोव्ह आला. 1985 साली यामाहा आरएक्स 100 आणि हिरो होंडा सीडी 100 रस्त्यावर उतरल्या आणि मिकुनी, केहिन ही जपानी नावं गॅरेजमध्ये रुळली. मिकुनीच्या भागीदारीत चेन्नईला ‘मिककार्ब’ बनू लागले. बुलेटवरही पुढे तेच दिसू लागले.

नावं बदलली, तक्रारी मात्र ठरलेल्या: गाडी मिसिंग मारते, रेस उतरत नाही, ओव्हरफ्लो होतो, अॅव्हरेज पडलं. त्या ऐकून लगेच पाना उचलणारा मिस्त्री कच्चा. जाणता मिस्त्री आधी टाकीचं झाकण उघडायचा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल तर आत पोकळी तयार होते, पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी काही अंतर पळते, बंद पडते आणि थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला की निदान झालं, कार्बोरेटरला हातही लावायची गरज नाही. मग प्लग. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा फटक म्हणजे हवा जास्त, विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. मग दोष दुसरीकडे, ठिणगीच्या बाजूला, पॉइंटात किंवा कॉइलमध्ये शोधायचा. कार्बोरेटरच्या नावावर खपलेली कितीतरी दुखणी खरं तर पॉइंटांची होती.

दोष कार्बोरेटरचाच निघाला, तरी तो कुठे आहे हे मूठ सांगते. आयडलिंगला आणि मूठ जेमतेम पिळल्यावर अडखळते, तर स्लो जेट किंवा हवेचा स्क्रू. मधल्या टप्प्यात अडखळते, तर सुई आणि तिच्या क्लिपची खाच. मूठ पूर्ण पिळल्यावर दम तुटतो, तर मेन जेट. हे गणित अमलला लागू होतं तसंच मिकुनीलाही.

जेट साफ करण्याची एक वाईट सवय मात्र देशभर पसरली. क्लच केबलचा एक धागा काढायचा आणि पितळी जेटमधून खसाखसा फिरवायचा. कचरा निघतो, पण मऊ पितळ पोलादाने घासलं जाऊन भोक मोठं होतं आणि पेट्रोलचा खर्च कायमचा वाढतो. हवेच्या झोताने किंवा तांब्याच्या मऊ तारेने हेच काम नीट होतं. एवढी साधी गोष्ट न पाळल्याने किती चांगले कार्बोरेटर भंगारात गेले असतील!

पण हा कचरा येतो कुठून? इथे गोष्ट गॅरेजबाहेर जाते. कार्बोरेटरच्या तळाचा डबा उघडला की त्या त्या काळाचं पेट्रोल समोर येतं. कोकणातल्या पावसात झाकणावाटे झिरपलेलं पाणी जड असल्याने तळाशी थेंबाथेंबाने बसतं. जावा आणि राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्या महिनोन्महिने कॉक उघडा ठेवून उभ्या राहिल्या की पेट्रोल उडून जाई आणि त्यात मिसळलेलं ऑइल चिकट थर होऊन जेट बुजवी.

त्याहून गंभीर दुखणं रॉकेलचं. रेशनचं रॉकेल अनुदानामुळे पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त होतं. त्यात निळा रंग घालूनही भेसळ थांबली नाही. रॉकेल सहज वाफ होत नाही, नीट जळत नाही. प्लग काजळतो, गाडी धूर ओकते आणि चढावर इंजिन खडखडू लागतं. मालक म्हणतो, कार्बोरेटर बिघडला. या भेसळीमागे केवढा पैसा होता, ते 25 जानेवारी 2011 रोजी महाराष्ट्राने पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळलं. फिटर ज्याला ‘पेट्रोल खराब’ म्हणून सोडून देत, त्या दोन शब्दांमागे हा गुन्हा उभा होता.

त्याच मनमाडचं नाव इंधनाच्या इतिहासात आणखी एका कारणाने येतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले सरकारी प्रयोग 2001 साली झाले, त्यांत मनमाड आणि मिरज ही दोन ठिकाणं होती. 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के मिश्रण आलं, 2022 साली देशाने 10 टक्क्यांचा टप्पा गाठला आणि 2023 पासून 20 टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला यातून पैसा मिळतो, ही मोठी जमेची बाजू. जुन्या गाडीला मात्र त्याची झळ बसते. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, जुने रबरी भाग फुगवतं, आणि गाडी बराच काळ उभी राहिली तर डब्याच्या धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरचं भोक ठरलेलं, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. उपाय आहे: क्लिप एक खाच खाली उतरवायची, म्हणजे सुई वर येते, किंवा मेन जेट एका नंबराने मोठा घालायचा. लडाखला जाणारे पुण्या-मुंबईचे बुलेटवाले नेमकं उलटं करत आले आहेत, कारण खारदुंग ला खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो आणि तेच मिश्रण फार जाड पडतं.

2006 साली हिरो होंडाची इंजेक्शनवाली ग्लॅमर आली, तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1 एप्रिल 2020 रोजी बीएस-6 चे नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळपास नाहीसा झाला. जुन्या गाड्या मात्र अजून लाखोंनी चालतात, आणि मुठीवरून दोष ओळखणारे फिटर आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांचं बरंचसं ज्ञान पुस्तिकांत उतरलेलं नाही.

ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्यांनी एवढं करावं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून डब्यातलं पेट्रोल काढून टाकावं. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीशेजारी उभं राहून क्लिप कितव्या खाचेत आहे आणि जेट कितीचा आहे, ते वहीत लिहून घ्यावं. नंबर जेटवरच कोरलेला असतो.